झाकणावरचे ठोके

हसा, हसा! पण आधी ती खिडकी लावून घ्या. ही ऐकीव थाप नाही. आमच्या पाणीपुरवठ्यातल्या इंजिनिअरची हकिगत आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. लष्करात खंदक-बोगदे खणणारा गडी, लढाई पाहून आलेला. कॅप्टन कसला, साधा शिपाई होता. पण आम्ही कॅप्टन म्हणायचो आणि तोही खुशाल ओ द्यायचा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या शेवटच्या मंगळवारची रात्र. जेवणं आटोपली, तोच टाकीवरच्या ऑपरेटरचा फोन आला. व्हॉल्व्ह अडकलाय, सकाळी अर्धं गाव कोरडं राहणार.

बायको वैतागली. "सरकारला दुसरं कोणी सापडत नाही का हो?"

सहा वर्षांची लेक पायाला बिलगली. "बाबा, मी जागीच राहणार."

"झोप गं माकडा, हा गेलो आणि हा आलो."

ऑपरेटर पंपापाशी थांबला. कॅप्टन एकटाच टाकीखालच्या चेंबरमध्ये उतरला. पान्ह्याने दोनचार हिसके दिले, व्हॉल्व्ह सुटला. निघणार, एवढ्यात भिंतीतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

आणि त्याने पान्हा उचलून तसेच तीन ठोके परत दिले.

सवय हो, दुसरं काय! त्यांच्या पलटणीचा नेमच होता. मातीखाली गाडलेल्याने ठोके द्यायचे, वरच्याने उत्तर द्यायचं. आणि एकदा उत्तर दिलं, की त्याला काढल्याशिवाय जागा सोडायची नाही. लढाईत पांढऱ्या मातीतला एक खंदक ढासळला, याचा जोडीदार खाली राहिला. तो ठोकत होता, हा उत्तर देत होता. तेवढ्यात माघारीचा हुकूम आला. दोघांनी धरून याला ओढत नेलं, तरी खालून ठोके चालूच होते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पोरगी झाली. पण ती गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती.

आता भान आलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. भिंतीपलीकडे नुसता मुरूम. तिथे कोण असणार?

शिडी गाठली. वरचं झाकण लागलेलं. ढकललं. हलेना.

मोबाइलला रेंज नाही. ओरडून ओरडून घसा बसला. लेक वाट बघत असेल, एवढंच डोक्यात. शेवटी पान्ह्याने झाकणावर तीन ठोके दिले.

वरून तीन ठोके आले.

"ऑपरेटर? अरे, उघड की बाबा!"

…

बोलणं नाही. पाऊल नाही. हा ठोकायचा… उत्तर यायचं. हा थांबला, की वर शांत. रात्रभर. एवढंच.

उजाडताना ऑपरेटरने एका हाताने झाकण सरकवलं आणि दचकून मागे झाला. "साहेब, तुम्ही आत? रात्री तुम्हाला गेटातून जाताना पाहिलं मी! म्हणून तर झाकण लावलं!"

कॅप्टन धावतच घरी गेला. बायकोने दार उघडलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या खोलीकडे. चेहरा पांढराफटक. "तुम्ही… मग आत…"

तो आत घुसला. लेक पलंगावर बसलेली, धडधाकट. त्याने तिला छातीशी कवटाळलं आणि लहान मुलासारखा रडला.

"बाबा, रात्रभर भिंत का वाजवत होता? मी किती वेळा म्हटलं, झोपा ना. तर म्हणालात, खाली माणूस आहे… जागा सोडता येत नाही."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पलंगाशेजारी भिंतीला लागून लष्करी बुटांचा एक जोड होता. नाड्या करकचून बांधलेल्या. कॅप्टन उचलायला गेला, उचलेना. दोन्ही बूट पांढऱ्या मातीने काठोकाठ ठासलेले.

तशी माती आपल्याकडे कुठेच नाही, पोरांनो.