कपाटाची ओटी

दुपारचे अडीच. मार्च १९८८. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावरचा एक खाजगी दवाखाना, तिसरा मजला.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि आत मिट्ट काळोख. काळोख मुद्दाम केलेला. बाईच्या पोटातून काढलेल्या अंड्यांना उजेड सोसत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. अत्तर नाही, गजरा नाही, फिनाईलसुद्धा नाही. वासानंही अंडी मरतात. कोपऱ्यात पोलादी इन्क्युबेटर मंद घुमत असे. दवाखान्यात सगळे त्याला कपाटच म्हणत. आत माणसाच्या अंगाएवढी ऊब.

प्रयोगशाळेतली सहायक अनुपमा काचेची भांडी लावत होती, तेवढ्यात दार ढकलून अंजनाबाई आली. मनोरीची कोळीण. तिची सून सगुणा पलीकडच्या खोलीत भुलीच्या गुंगीत पडली होती. लग्नाला बारा वर्षं होऊन कूस रिकामी, आणि हा शेवटचा उपाय. सकाळीच तिची अंडी काढून कपाटात ठेवली होती, शेजारच्या नळीत तिच्या नवऱ्याचं, हरेश्वरचं बीज.

"पोर कुठं ठेवलंय गं?"

"मावशी, पोर कसलं, अजून नुसती अंडी आहेत. त्या कपाटात."

अंजनाबाईनं कपाटाच्या दाराला तळहात लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हाय. म्हंजे आता पोट हेच."

"तसंच समजा."

"मंग वटी हिची भराया पायजे. सगुणाची भरून काय उपयोग? ती तर रिकामी."

अनुपमाला हसू आलं, पण तिनं अडवलं नाही. म्हातारीनं पिशवीतून खण, नारळ, हळद-कुंकू लावलेले तांदूळ काढले, कपाटाच्या माथ्यावर ठेवले आणि पदर सावरून उभी राहिली.

"आता काय?" अनुपमानं विचारलं.

"वटी घेतली का चार दाणं परत द्यायाचं असतात. घाई नाय. दील ती सवडीनं."

ती गेली आणि डॉक्टर विद्याधर आले. आधी त्यांनी नारळ बाहेर फेकायला लावला.

हरेश्वरचं बीज दुबळं होतं, अंड्याचं कवच भेदू शकत नव्हतं. केसाहून बारीक काचेच्या सुईनं कवचाला चीर पाडायची, म्हणजे बीजाला वाट मिळते, ही नवी विद्या डॉक्टर परदेशातून शिकून आले होते. शिकले होते उंदरांवर. आणि संध्याकाळी दुसऱ्या पेशंट उत्तराबाईंची अंडी निघायची होती, त्यांनाही हीच चीर पाडायची होती. नवरा मोठा बिल्डर, वर्तमानपत्रवाले बोलावलेले.

"सगुणाची काढ," डॉक्टर म्हणाले. "हात बसवून घेतो."

"त्यांना विचारलंय, सर?"

"कोणाला, त्या मासळीवालीला? काय कळणार आहे तिला?"

त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती, असं आता सांगतात. खोटं आहे. त्याच दवाखान्यात अपेंडिक्स काढायलासुद्धा सही घेत होते.

सात अंडी होती. सुई टेकली की एकेक फुटत गेलं. सहा फुटली. सातव्याला सरळ, स्वच्छ चीर पडली आणि तेही बघता बघता काळवंडलं. बीज मिसळायची तसदी डॉक्टरांनी घेतलीच नाही.

"ओतून टाक. अंडी कच्ची निघाली म्हणून सांग."

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगतो."

अनुपमानं भांडं बेसिनमध्ये ओतलं, साबणानं धुतलं, पालथं घातलं. पलीकडून सगुणाचं रडणं ऐकू आलं. आवाज न करता रडायची सवय असलेल्या बाईचं रडणं.

संध्याकाळी उत्तराबाईंची अंडी कपाटात गेली. मधला एक दिवस कपाट उघडायचं नाही, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी दुपारी अनुपमानं दार उघडलं आणि ती मागे सरकली. ओहोटीच्या चिखलाचा वास... जिथे अत्तरालाही मज्जाव, तिथे. उत्तराबाईंची अंडी होती तशीच, मेलेली. हरेश्वरच्या बीजाची नळी कोरडी ठणठणीत. आणि मागच्या बाजूला एक भांडं, लाल पेन्सिलीनं लिहिलेलं. सगुणा.

ते तिनं स्वतः धुतलं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली चार पेशी दिसत होत्या. टपोऱ्या, जिवंत. कवचावर सरळ चीर.

डॉक्टरांनी पाहिलं. मग हसले.

"ओतायचं विसरलीस. बरंच झालं. हे उत्तराबाईंच्या पोटात ठेवू."

"सर, हे सगुणाचं आहे."

"सगुणाची अंडी कच्ची होती."

अनुपमानं भांडं परत कपाटात ठेवलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीला ऊब लागत होती आणि आत काहीतरी... सावकाश, लयीत... ठोके देत होतं. डॉक्टरांनी तिला दंडाला धरून बाजूला सारलं आणि दार उघडलं.

भांडं जागच्या जागी होतं. आत पाणी नव्हतं. हळद-कुंकवाचे चार तांदूळ होते, कोरडे.

पलीकडे उत्तराबाई टेबलावर डोळे मिटून पडल्या होत्या, बाहेर नवरा पेढे घेऊन उभा. डॉक्टर गर्भ सोडायची नळी रिकामीच घेऊन आत गेले आणि "झालं" म्हणून बाहेर आले.

अनुपमानं त्याच दिवशी नोकरी सोडली. ते तांदूळ पुडीत बांधून ती मार्व्याहून तरीनं मनोरीला गेली आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. हरेश्वर उठून समुद्राकडे चालता झाला. अंजनाबाईनं पुडी सोडून दाणे सुनेच्या पदरात टाकले.

"दिलंन ना परत," एवढंच म्हणाली.

डिसेंबरात सगुणाला मुलगा झाला. वर्तमानपत्रात डॉक्टर विद्याधरांचा फोटो आला, कोळणीला मूल देणारे म्हणून. जे तिच्या पोटात ठेवलंच नव्हतं ते जन्मलं कसं, हे एकाही वार्ताहरानं विचारलं नाही. अनुपमाच्या तक्रारीला कोणी पोचसुद्धा दिली नाही. अंधेरीतलं कपाट मात्र तांदूळ निघाले त्या दिवसापासून गार पडलं ते पडलंच. तीन मेकॅनिक येऊन गेले, बिघाड सापडला नाही.

बारशानंतर अनुपमा पुन्हा मनोरीला गेली. पोराचं नाक हरेश्वरचं. टाळूवर सरळ, बारीक चीर, जखम नसलेली. उजेडात ते डोळे घट्ट मिटून घ्यायचं. झोप फक्त एकाच जागी लागायची, घरातल्या लाकडी कपाटात, फळी काढून अंथरलेल्या गोधडीवर.

"श्वास कोंडेल त्याचा," अनुपमा म्हणाली.

"त्याला सवय हाय," सगुणा म्हणाली.

त्या वेळी पोर तिच्या मांडीवर होतं. कपाट रिकामं होतं. ना वायर, ना दिवा. अनुपमानं सहज दाराला तळहात लावला.

दार अंगाएवढं गरम होतं.

"उघडू नको, पोरी," मागून अंजनाबाई हळूच म्हणाली. तिच्या हातातल्या सुपात खण होते, सहा. "बाकीच्यांची वटी भरायची हाय अजून..."

डॉक्टरांनी सुईनं फोडलेली सहा अंडी त्या दुपारी बेसिनमधून वाहून गेली होती. त्यांचा जाब आजवर कोणी दिलेला नाही.