दारावरचा लाल खलबत्ता

"दगड तिथेच आहे. मी कशालाही हात लावलेला नाही," औषधवाल्या बाई म्हणाल्या, आणि मगच त्यांना रडू आलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. नऊ जुन्या दुकानांच्या ओळीतलं हे सर्वांत जुनं दुकान. दाराच्या चौकटीवर कालपर्यंत एक रंगीत काच होती: मधोमध लाल खलबत्ता, त्याच्याभोवती हिरवी वेल आणि चारी बाजूंनी निळी किनार. शिशाच्या बारीक पट्ट्यांत शेकडो तुकडे बसवून केलेली. आज तिथे नुसतं चौकोनी भोक होतं आणि जमिनीवर काचांचा सडा.

ज्यांना तातडीने बोलावलं होतं त्या खासगी तपासनीस बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे धाकटे दीर त्यांना तसं म्हणत आणि हे भावजी सदैव बरोबर असत. वहिनींनी वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी मोडतोडीचे दावे तपासले होते. भावजी बँकेतून निवृत्त झालेले. ते गाडी चालवत, वही सांभाळत आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत. यात त्यांचा हातखंडा होता.

"चार वाजता वारसा समिती येणार आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ही ओळ पाडून इथे मॉल करायचाय. ओळ वाचवायच्या अर्जात आमचा सगळा भर या काचेवर. सव्वाशे वर्षांची मूळ काच, असं लिहून दिलंय मी. समितीचे तज्ज्ञ ती आज उतरवून तपासणार होते. आता काय तपासणार? हे दुकान गेलं तर मी काय करू, ताई? मला दुसरं काही येत नाही."

"दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे, धाकट्या भावाकडे, आणि सध्या काचवाल्या काकांकडे. समिती येणार म्हणून ते तीन दिवस काच साफ करत होते. त्यांच्या दोन पिढ्यांनी आमच्या काचा सांभाळल्यात. पण किल्लीचं काय घेऊन बसलात? दगड बाहेरून आलाय. हे मॉलवाल्यांचंच काम. मागच्या महिन्यात त्यांचा माणूस मोजमापाच्या नावाखाली तासभर शिडीवर उभा राहून काचेला भिंग लावून बसला होता!"

"उघड आहे," भावजी म्हणाले. त्यांनी वहीत 'मॉल' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

वहिनींनी एक तुकडा उचलला. तुटलेल्या कडेवरून ओलं बोट हलकेच फिरवलं, बोटाचं काळं झालेलं टोक पाहिलं आणि ते रुमालाला पुसलं.

"भावजी, हात न कापता सगळं खोक्यांत भरा. आणि जमिनीवर जे जे सापडेल त्याची यादी करा. काहीही सोडू नका."

भावजी कुरकुरत वाकले. अर्ध्या तासाने त्यांनी वही पुढे केली.

"तीन खोकी काच आणि एक दगड. बाकी काडीसुद्धा नाही. दाराशी लाल काचा होत्या, मध्ये हिरव्या, गल्ल्याशी निळ्या. बरं झालं, निवडत बसावं लागलं नाही."

"कपाटांखाली?"

"आडवं पडून पाहिलं. कणसुद्धा नाही. या वयात आडवं पाडलंत, आता उठवायला तरी या."

तेवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ आला. दुकानात त्याची निम्मी मालकी होती आणि त्याला ते विकायचं होतं. काही विचारायच्या आतच त्याने तोफ डागली.

"मी विकायच्या बाजूचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. काल संध्याकाळी ताई गेल्यावर मी आलो होतो, मुलीसाठी खोकल्याचं औषध न्यायला. कुलूप लावून गेलो. तेव्हा काच होती की नव्हती, देवाशपथ, मी वर पाहिलंच नाही."

"रोज बघत होतास ना?" बाई उसळल्या.

"रोज बघतो म्हणूनच दिसत नाही ना, ताई!"

वहिनी हसल्या. हा माणूस खरं बोलतोय असं त्यांचं मत झालं, पण ते त्यांनी भावजींना सांगितलं नाही. भावजींनी 'मॉल'च्या खाली 'भाऊ' लिहिलं होतं.

मॉल कंपनीच्या मॅनेजरचं तात्पुरतं ऑफिस रस्त्यापलीकडे होतं. टेबलावर नव्या इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना होता, त्यात खेळण्यातली माणसं सरकत्या जिन्यावर उभी होती. बातमी ऐकून मॅनेजरचा चेहरा पडला.

"फुटली? पूर्ण?" हातातली फाइल त्याने टेबलावर आपटली. "आजच?"

"तुमच्या पथ्यावरच पडलं की," भावजी म्हणाले.

"तसं समजा," मॅनेजर म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. रात्री साइटवरचे दोन्ही रखवालदार गेटवर होते, कॅमेऱ्यात दिसतील, एवढंच तो पुढे बोलला.

"नाटकी माणूस," बाहेर आल्यावर भावजी म्हणाले. "वाईट वाटल्याचं सोंग करत होता."

"सोंग नव्हतं ते, भावजी. त्याला खरंच वाईट वाटलं."

काचवाल्या काकांची कार्यशाळा दोन गल्ल्या पलीकडे. सत्तरी ओलांडलेला ताठ म्हातारा. भिंतीशी काचेच्या मोठ्या पाट्या उभ्या रचलेल्या आणि समोरच्या मांडणीत प्रत्येक रंगाच्या तुकड्यांचा वेगळा कप्पा. इतकी टापटीप स्वयंपाकघरातसुद्धा दिसत नाही.

"छान लावलंय," वहिनी म्हणाल्या.

"वडिलांची शिस्त. तुकडा टाकायचा नाही आणि रंगात रंग मिसळू द्यायचा नाही. चुकलं की पाठीत धपाटा बसायचा."

मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर धूळ साचली होती. तिच्यातच एका पेटीएवढा चौकोन मात्र स्वच्छ होता.

"काचेचं कळलं ना, काका?"

"कळलं. सकाळीच."

"बघायला नाही आलात?"

"काचच गेली, आता बघायचं काय?" काका तुटकपणे म्हणाले आणि आधीच पुसलेली पटाशी परत पुसू लागले.

गाडीत भावजींनी वही उघडली. "यांचं नाव लिहूच शकत नाही. दोन पिढ्यांची माया आहे."

"तीच तर गोष्ट आहे," वहिनी म्हणाल्या. "दोन वाजता सगळ्यांना दुकानात बोलवा. मॅनेजर सोडून."

दोन वाजता बाई, त्यांचा भाऊ आणि काका गल्ल्यासमोरच्या बाकावर बसले होते. वहिनी तीन खोक्यांपाशी उभ्या राहिल्या.

"पहिली गोष्ट. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले होते. दगडाने काच फुटते, शिसं फक्त वाकतं. मग पट्ट्या कुठे आहेत? भावजींच्या यादीत फक्त काच आणि दगड आहे. म्हणजे दारावरची काच फुटलेलीच नाही. ती अख्खी उतरवून नेलीय."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मग हे तुकडे कसले?"

"तेच सांगते. फुटलेली काच उडते, कपाटाखाली जाते. इथे एक कण उडाला नाही. आणि ताज्या फुटलेल्या काचेची कड लखलखते. या तुकड्यांच्या कडांवर काळा थर आहे, माझं बोट काळं झालं. या काचा काल फुटलेल्या नाहीत. कित्येक वर्षांपूर्वी फुटल्यात. काल त्या फक्त इथे ओतल्या."

"पण कोणी?" भावाने विचारलं.

"चित्रात निळी किनार चारी बाजूंना होती. पडली असती तर निळी काच सगळीकडे सापडली असती. भावजींना मात्र रंग निवडावे लागले नाहीत. लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे, निळ्या एकीकडे. काच फुटल्याचं खोटं चित्र उभं करतानासुद्धा ज्याला रंगात रंग मिसळवता आला नाही, असा माणूस या शहरात एकच आहे."

काकांनी चष्मा काढला.

"पेटीला तीन कप्पे होते," ते म्हणाले. "एकेक कप्पा ओतला. माझ्या लक्षातही आलं नाही."

"काका, तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मूळ काच पन्नास वर्षांपूर्वीच फुटली, पोरी. मी नुकता धंद्यात आलो होतो. तुझे वडील आजारी होते, दोन महिने दुकान बंद होतं. मी आणि माझे वडील काच साफ करत होतो, ते वर चढले होते. शिडी मी धरली होती. माझा हात सुटला. वडील वाचले, काच गेली. त्यांनी दोन महिने खपून हुबेहूब दुसरी केली आणि बसवली. कोणाला बोलले नाहीत. मलाही कधी एका शब्दाने बोलले नाहीत."

त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"परवा कळलं, समितीचे तज्ज्ञ काच उतरवून तपासणार. नक्कल आहे हे त्यांना पाच मिनिटांत कळलं असतं. वडील लबाड ठरले असते, तूही ठरली असतीस. म्हटलं, फुटलेले तुकडे तपासले तर ते खरेच सव्वाशे वर्षांचे निघतील. ओळ वाचेल. नवी काच नेऊन फोडणार होतो. हातोडी उचललीही. वडिलांच्या हातचं काम आहे ते. नाही जमलं."

"कुठे आहे?"

"कार्यशाळेत. मोठ्या पाट्यांच्या मागे, घोंगडीत गुंडाळून."

भावजींनी घसा खाकरला. "मग प्रश्न मिटला की! तुकडे जुने आहेतच. चार वाजता तेच दाखवायचे. कोणाला कळतंय?"

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. "शोधून द्यायचं काम माझं," त्या म्हणाल्या. "ठरवायचं बाईंनी."

बाईंनी दुकानभर नजर फिरवली. चाळीस वर्षं त्या या गल्ल्यामागे उभ्या होत्या. लोक चिठ्ठी पुढे करत, त्या देतील ते औषध निमूटपणे घेत. खोटं औषध त्यांनी कधी दिलं नव्हतं, आणि या क्षणी त्यांना काकांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच मायाही.

"शिडी आण," त्या भावाला म्हणाल्या. "काका, आपली काच परत बसवा. या वेळी शिडी हा धरेल."

चार वाजता समितीचे पाच जण आले, पाठोपाठ मॅनेजरही. बाईंनी अर्जातल्या 'मूळ' शब्दावर त्यांच्यासमोरच काट मारली आणि सगळं सांगितलं, शिडीपासून दगडापर्यंत. वर नवी काच होती, खाली तीन खोक्यांत जुनी.

अध्यक्षबाई मॅनेजरकडे वळल्या. "तुमचं काही म्हणणं?"

मॅनेजरने हातातल्या फाइलकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आमच्या तज्ज्ञाचा महिन्यापूर्वीचा अहवाल आहे," तो हळूच म्हणाला. "त्यातही हेच आहे. काच मूळ नाही. पण आता त्याची गरज उरली नाही."

भावजी वहिनींच्या कानाशी लागले. "म्हणजे तो टपून बसला होता?"

"बाईंना सगळ्यांदेखत खोटं पाडायला. म्हणून तर सकाळी चेहरा पडला. दावा फुटण्याआधी काचच फुटली होती."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग बाईंना आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर त्या भीतीने खरं बोलल्या असत्या."

समितीची चर्चा तासभर चालली. शेवटी तीन मतं ओळीच्या बाजूने पडली, दोन विरुद्ध. मागच्या मोकळ्या जागेत मॉल होईल, पुढची नऊ दुकानं जशीच्या तशी राहतील. हे काही काचेच्या वयावर ठरलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, ज्या ओळीत फुटलेली काच कोणीतरी दोन महिने खपून पुन्हा उभी करतो आणि तिचे तुकडे पन्नास वर्षं जपून ठेवतो, ती ओळ वापरात आहे, नुसती उभी नाही.

मग चिटणीस नोंदवहीवर वाकून लिहू लागला. "दारावरची रंगीत काच. दुसरी. कारागिराचं नाव?"

काका पुढे झाले. पण बोलता येईना.

"असू दे, नाव नसेल तर 'अज्ञात' लिहितो," चिटणीस म्हणाला.

"नाही, नाही!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. मग त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि चिटणीसाने ते लिहून होईपर्यंत ते वहीपासून हललेच नाहीत.