डावी गाठ

खेचर एकटंच परत आलं तेव्हा पालजोर अंगणात बसून खोगिराचा तुटका पट्टा शिवत होता. कार्तिक महिना होता, दुपारचं ऊन चांगलं पडलं होतं. घुंगरांचा आवाज ऐकून त्यानं मान वर न करताच विचारलं, "चहा टाकू, की आधी माल उतरवू?"

उत्तर आलं नाही. त्यानं वर पाहिलं. करडं खेचर फाटकाशी उभं होतं आणि त्याच्यामागं वाट रिकामी होती.

त्याची बायको छिमी पाच दिवसांपूर्वी तांदूळ घेऊन तिबेटच्या सरहद्दीवरच्या हिल्साला गेली होती. येताना पीठ आणि तेल आणायचं होतं. पालजोरला वाटलं, वाटेत कुणाच्या तरी दारात गप्पा मारत बसली असेल. त्यानं ओझं उतरवायला घेतलं. दोर कडक गारठला होता, पोती बाहेरून ओली होती, गाठ मात्र कोरडी आणि मऊ होती. ती छिमीचीच गाठ होती. मुचू गावात सगळे जण दोराचं टोक उजवीकडं काढतात. छिमी डावरी. ती टोक डावीकडं काढायची आणि दोनदा आत खोचायची. खेचरवाले चिडवायचे, "वहिनी, तुमची गाठ सोडवायला तुम्हालाच बोलवावं लागतं!" पालजोरला ती सोडवता यायची. त्या दिवशीही त्यानं ती एका हातानं सोडवली आणि दोर गुंडाळून खुंटीला अडकवला.

उन्हं कलताना वरच्या यारी गावातून तुंडुप आला. तुंडुप आणि पालजोर वीस वर्षं एकत्र माल वाहत आले होते. तो फाटकातूनच म्हणाला, "ती पोचली का?"

"खेचर पोचलंय."

तुंडुप खाली बसला. परवा सकाळी ती हिल्साहून एकटीच निघाली होती. दुपारनंतर नारा-ला खिंडीत बर्फ पडायला लागलं, ते रात्रभर पडलं. यारीत ती आलीच नाही. आज सकाळी खेचर एकटंच गावातून खाली जाताना लोकांनी पाहिलं होतं.

पालजोर उठला आणि खेचराच्या पाठीवरून हात फिरवला. केस सरळ, कातडी थंड, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

"दोन रात्री ओझं पाठीवर असतं तर पाठ सोलून निघाली असती," तो म्हणाला. "कुणीतरी रोज संध्याकाळी माल उतरवलाय. आज सकाळी परत चढवलाय."

तुंडुपनंही हात फिरवून पाहिला.

त्या पाठीमुळंच सगळे आशेवर होते. आठ दिवस शोधलं, मग खिंड बंद झाली. वैशाखात बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. नारा-लाच्या दोन्ही बाजूंचा दगड न् दगड पालजोरनं पाहिला. काही सापडलं नाही.

पुढं करायचं काय, ते मठातल्या म्हाताऱ्या लामांनी सांगितलं. जाळायला देह नाही. बाकीचे कपडे देऊन टाक. तिच्या नेहमीच्या वापरातला एक कपडा ठेव आणि ज्येष्ठी पौर्णिमेला कैलासाच्या फेरीत डोल्मा-ला खिंडीच्या खाली नेऊन ठेव. तिथं लोक मेल्यासारखे पडतात, अंगावरचं काहीतरी ठेवतात आणि उठून वर चढतात. "ज्याचा कपडा ठेवशील तो तिथून पुढं जातो," लामा म्हणाले. "नाव एकदा घे. मागं वळून बघू नको. आणि न्यायला उशीर करू नको. ती वाटेवर थांबली आहे."

पालजोरनं छिमीचा लग्नातला बक्खू ठेवला. तपकिरी जाड लोकरीचा पायघोळ झगा, कोपरांशी झिजून चकाकायला लागलेला.

ज्येष्ठात नऊ परदेशी पाहुणे कैलासाला निघाले. त्यांचं सामान बांधायचं काम पालजोरकडं आणि स्वयंपाक तुंडुपकडं होता. तिबेटात जायचा परवाना दोघांनाही मिळाला. निघण्याआधीचे तीन दिवस अंगणात नुसता पसारा होता. तंबू, रॉकेलचे डबे, पिठाच्या पिशव्या, प्राणवायूचं एक नळकांडं. पालजोर दोन दोन बोजे हातांत धरून डोळे मिटायचा आणि जड असलेल्या बाजूचा एखादा डबा दुसरीकडं टाकायचा. तराजू त्याला कधी लागला नाही.

"ह्या बाईनं केस वाळवायचं यंत्र आणलंय," तुंडुप एका पिशवीत डोकावून म्हणाला. "वर वाऱ्यानं डोकं उडून जाईल, आणि ही केस वाळवणार!"

"पिशवी बंद कर. लोकांचं बघू नये."

"अरे, बघितल्याशिवाय बांधणार कसं?"

हसत हसतच काम चाललं होतं. स्वतःची पिशवी पालजोरनं शेवटी भरली. तळाशी बक्खू, वर सत्तूची थैली, मोजे, कानटोपी. हातानं तोलली, दोरानं तोंड आवळलं, गाठ मारली आणि चुलीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली.

सकाळी दोराचं टोक डावीकडं होतं. दोनदा आत खोचलेलं.

पालजोर बराच वेळ बघत राहिला. मग त्याला वाटलं, सात महिने तिचीच गाठ डोक्यात आहे, आपल्याच हातून तशी पडली असेल. त्यानं ती सोडली, उजवीकडं टोक काढून पुन्हा बांधली आणि कामाला लागला.

दुसऱ्या सकाळी पिशवी बांधलेलीच होती, गाठ पुन्हा डावीकडची होती, आणि बक्खू भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता. छिमी दिवसभराचं काम आटोपून टांगायची तसाच, आतली बाजू बाहेर करून.

छिमीची धाकटी बहीण पुटी शेजारच्या घरात राहायची आणि भाकरी करायला यायची. ती आली तेव्हा पालजोर दारातच उभा होता.

"पुटी, बक्खू तू काढलास?"

"कुठला?" तिनं खुंटीकडं पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली. "मी नाही हो दाजी."

"तुला तो हवा असेल तर तसं सांग. लपूनछपून कशाला?"

"मला हवा असता तर तोंड आहे मला! मेलेल्या बहिणीचा कपडा चोरते म्हणता?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आणि तिच्यासारखी गाठ मला येत नाही. तिनं लहानपणी शिकवायला घेतलं होतं. मला जमलंच नाही."

पुटीनं चुलीत लाकडं सारली. जरा वेळानं ती म्हणाली, "दाजी, ती गेली तेव्हा अंगावर काय होतं?"

"माझा स्वेटर."

ते त्याला नीट आठवत होतं. निघायच्या सकाळी खिंडीवर ढग होता. त्यानं अंगातला राखाडी स्वेटर काढून तिच्यापुढं धरला होता. उजव्या कोपराला तिनंच लाल लोकरीनं रफू केलेला, कारण राखाडी लोकर संपली होती. "तुमच्या घामाचा वास येतो ह्याला," ती म्हणाली होती आणि लगेच अंगात घातला होता. "आणि तुम्ही काय घालाल?" फाटकातून तिनं विचारलं होतं. "तू आणून देशील तेव्हा घालीन," असं तो म्हणाला होता.

"मग ती बक्खूशिवाय गेली," पुटी म्हणाली. "थंडी वाजत असेल."

"लवकर भाकरी टाक," पालजोर म्हणाला.

निघायच्या दिवशी त्यानं तुंडुपला समोर बसवलं. त्याच्यादेखत बक्खूची घडी घातली, पिशवीच्या तळाशी ठेवली, वर बाकीचं भरलं आणि खोगीर शिवायच्या दाभणानं पिशवीचं तोंड शिवून टाकलं. तिरपे, जवळ जवळ एकवीस टाके. वरून दोर आवळला. टोक उजवीकडं.

"असं काय करतोस?" तुंडुपनं विचारलं.

"तू पाहिलंस ना आत काय आहे?"

"बक्खू आहे."

"एवढंच लक्षात ठेव."

पिशवी करड्या खेचराच्या उजव्या अंगाला बांधली. दिवसभर पालजोर त्याच बाजूनं चालला. यारीत मुक्काम झाला तेव्हा ती उशाशी घेऊन आडवा झाला. पहाटे पाहिलं. टाके जागच्या जागी होते, गाठ उजवीकडं. त्याला हायसं वाटलं. हातानं तोलून पाहिली. वजनही तेच होतं.

नारा-लाच्या चढावर त्या वर्षी बर्फाचा कणही नव्हता. आभाळ निळं, दगड कोरडे, धूळ उडत होती. पाहुणे पुढं गेले होते. माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी करडं खेचर थांबलं आणि पुढं पाऊल टाकीना.

तुंडुप मागून आला. "तुझं पाणी सांडलंय वाटतं."

खेचराच्या उजव्या अंगावरून ओघळ येत होता. पोटाखाली धुळीत ओला डाग पडला होता.

पाण्याचं भांडं डाव्या बाजूला होतं.

पालजोरनं पिशवीला हात लावला. तळ भिजून गार झाला होता. दोराचं टोक डावीकडं होतं.

त्यानं ती खाली उतरवली. टाके मोजले. एकवीस. सगळे तिरपे, सगळे त्याचेच. कंबरेची सुरी काढून त्यानं ते कापले. मोजे कोरडे होते, सत्तूची थैली कोरडी होती.

तळाशी राखाडी स्वेटर होता.

बाह्या आत दुमडलेल्या, चौकोनी घडी. उजव्या कोपराला लाल रफू. गळ्याच्या घडीत मूठभर बर्फ होतं, अजून न वितळलेलं.

तुंडुप दोन पावलं मागं सरकला. "मी बक्खू पाहिला होता," तो म्हणाला. "बक्खूच होता."

"हो."

पालजोरनं बर्फ झटकलं आणि स्वेटर पिळला. ओल्या लोकरीचं वजन सुक्या बक्खूएवढंच भरलं होतं. त्यानं आत हात घातला. आतून तो उबदार होता.

खेचर आपणहून उताराला लागलं.

डोल्मा-लाच्या खालच्या त्या जागी कपड्यांचा खच पडला होता. लोक आडवे होत होते, काहीतरी ठेवत होते, उठून चढत होते. पालजोरकडं ठेवायला एकच कपडा होता. तो तिचा म्हणावा, तर विणला तिनं होता आणि शेवटी अंगात तिच्याच होता. आपला म्हणावा, तर तो आपलाच होता. तिनं तो आणून दिला होता. ज्याचा कपडा तो पुढं जातो, हे लामांचे शब्द त्याच्या डोक्यात होते. आपण गेलो तरी चालेल, असं त्याला वाटून गेलं. पण आपण पुढं जायचं आणि तिनं तिथं वाटेवर थांबायचं, हे चालण्यासारखं नव्हतं.

"ठेवतोस ना?" तुंडुपनं विचारलं.

"नाही."

त्यानं स्वेटर अंगात घातला आणि चढायला लागला. नाव घेतलं नाही.

बावीस दिवसांनी तो मुचूला परतला. पुटी फाटकाशी आली. तिनं स्वेटर पाहिला, लाल रफू पाहिलं, आणि आत गेली. पालजोर तिच्यामागून आत शिरला.

बक्खू चुलीजवळच्या खुंटीला टांगलेला होता. आतली बाजू बाहेर.

"तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मला दिसला," पुटी चुलीकडं बघत म्हणाली. "मी हात लावला नव्हता. मग लावला. रोज उन्हात घालते, दाजी. रोज सकाळी पुन्हा तसाच असतो."

पालजोरनं खालची किनार हातात घेतली. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत बक्खू ओला होता, बर्फातून चालून आल्यासारखा.

पुन्हा परवाना मिळेपर्यंत बर्फ पडायला लागलं, आणि खिंड आता बंद झाली आहे. बक्खू पोचवायचा राहिला आहे.