मागच्या डाव्या चाकाचा आवाज

"गुडीहत्नूरच्या बाजारात व्हॅनमधून भाजी विकते ना ती वृषाली, ती माह्या साडूची पोर," चंपतराव तंबाखू मळत म्हणाले. तलमडुगूत लाइट गेली होती आणि पोरं त्यांच्या ओट्यावर येऊन टेकली होती. "मागल्या साली पोळ्याच्या अमावास्येच्या रात्री तिच्यासोबत झालं ते सांगतो. तिनं सोता सांगितलं मले. अन् तिची माय बाजूले बसून होती, मान हलवत."

त्यांनी सांगितलं ते असं.

त्या दुपारी वृषाली व्हॅन घेऊन लखन मिस्त्रीकडे गेली. काम साधं होतं. मागच्या डाव्या चाकातून जातं फिरल्यासारखी घरघर येत होती, ती दाखवायची. लखननं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, बेरिंग गेलं. सामान आदिलाबादहून आणा लागते, अन् आज पोळा. दुकानं बंद."

"तवरलोक चालन ना?"

"गावातल्या गावात चालवा. लांब नेऊ नका. जाम झालं तं चाकच निघून जाते."

वृषाली बरं म्हणून घरी आली. बैलांची पूजा झाली, जेवणं झाली आणि दिवे लागले तसा धाकट्या बहिणीचा फोन आला. रुपाचा. तिला हैदराबादला दिली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"ताई, ये. मले घेऊन जाय. यायनं मले खोलीत कोंडून..."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, बंद. मग बंदच.

शेवटची बस निघून गेली होती. गावातल्या दोघांकडे गाडी मागितली, पण अमावास्येला घाट उतरायला कोणी तयार होईना. वृषालीनं लखनला फोन लावला.

"लखनभाऊ, हैदराबादलोक जाईन का आपली गाडी?"

"पावणेतीनशे किलोमीटर? जाईन बी, अन् घाटात बसून बी जाईन. कोनी सांगावं? सकाळी बसनं जा ना ताई."

"सकाळलोक तिले काई झालं तं?"

एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आई प्रयागबाई तोवर चपला घालून व्हॅनमध्ये बसली होती. शेजारच्या सोजरबाई धावत आल्या. "प्रयागा, अमावास्या हाय. चाक बी धड नाई. देव नाई म्हनून राह्यला, समजत नाई काऊन तुमाले?"

"नाई म्हनाचं असन तं देवानं सोता येऊन म्हनावं," वृषाली म्हणाली आणि तिनं चावी फिरवली.

इचोडा मागे पडला. काचा खाली करून, एक कान चाकाकडे ठेवून ती हळूहळू चालवत होती. घरघर वाढत होती. तिला वाटलं, परत फिरावं. मग रुपाचा आवाज आठवायचा आणि पाय पुन्हा दाबला जायचा. नेरडीगोंडा गेलं. घाटाच्या तोंडाशी घरघर एकदम जड झाली. चाक तापलं असेल, पाहून घ्यावं, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

दोन्ही बाजूंना सागाचं रान. वारा नाही. ट्रक नाही.

घर्र... घर्र...

वृषालीनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे.

गाडी उभी होती. चाक उभं होतं.

घर्र... घर्र...

आवाज खालून येत होता. मागून. डावीकडून. तिनं मोबाइलचा उजेड लावला, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला.

आवाज थांबला.

मग चाकाजवळून कोणीतरी हळूच म्हणालं, "ताई..."

रुपाचाच आवाज. तसाच. थोडा चिरका.

"ताई... नको येऊ. परत जाय."

प्रयागबाईनं मुलीचं मनगट धरलं.

"ताई... परत..."

वृषालीचा खाली ठेवलेला पाय हलेना. पण त्या भीतीच्या आत कुठेतरी तिला राग आला. असा राग, की डोळ्यांत पाणी आलं.

"माही बहीन मले ये म्हनली हाय," ती ओरडली. "तू कोन व्हय नको म्हननारी? चाक खाशीन? खाय! पायी जाईन. पन जाईन!"

आणि प्रयागबाई, जिनं जन्मात कोणाला अरे म्हटलं नव्हतं, तिनं खिडकीतून डोकं काढून अशा शिव्या हासडल्या, अशा हासडल्या... (चंपतराव थांबले. "त्या तुमच्यापुढं सांगत नाई," ते म्हणाले.)





वृषालीनं दार ओढलं, इंजिन चालू केलं, गाडी घाटात घातली. वळणामागून वळण. ती कान देऊन होती. घरघर नव्हती. एवढीशीही नाही. चाक लोण्यावरून फिरल्यासारखं फिरत होतं, आणि त्या शांततेचीच तिला जास्त भीती वाटली.

उजाडताना त्या रुपाच्या दारात होत्या. सासूनं फाटक अडवलं, तर प्रयागबाईनं तिला हातानं बाजूला सारलं. वृषालीनं खोलीची कडी काढली. रुपाचा ओठ फुटलेला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी ती बाहेर आली आणि व्हॅनमध्ये बसली. "बोलता बोलताच फोन हिसकून घेतला," ती म्हणाली. "तुमी येसान का नाई, तेबी मले समजलं नव्हतं."

परतीला निघण्याआधी वृषालीनं रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या मेकॅनिकनं चाक काढलं, मग ब्रेकचा ड्रम काढला, आणि तो मागे सरकला.

बेरिंग नव्हतंच. नुसता चुरा होता. आणि त्याच्या जागी, पार आत, चाकाच्या दांड्याभोवती जुन्या लुगड्याचा हिरवा काठ गुंडाळलेला होता. वेढ्यावर वेढा, दाबून. कुठे जळालेला नाही. ग्रीसचा डागसुद्धा नाही.

"ये किसने बांधा?" त्यानं हिंदीत विचारलं.

"घाटात बोलली तिनं," प्रयागबाई हळूच म्हणाली.

गाठ आतल्या बाजूला होती. ड्रम काढल्याशिवाय तिथं बोटसुद्धा जात नाही.