खळ्यावर थांबणारा उजेड

विरजणाला आलीस ना मैना, मग बस की घडीभर. लाइट गेलीय, अंधारात वाटी घेऊन कुठं धडपडतेस? कंदिलाची काच पुसते नि देते. मघाशी तू इचारलंस, गोदूमावशी, तुमच्या गळ्यातली ती चांदीची बाई कोण? ती माझी सवत. भागी तिचं नाव.

जनाला जन्म देऊन ती बाळंतिणीच्या खोलीतच गेली. मग आमच्या ह्यांनी मला केली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं, अशी रीत हाय. मी पडले तोंडाची फटकळ. म्हणायचे, ह्यापेक्षा जिवंत सवत बरी, भांडता तरी येतं. सासू कपाळाला हात लावायची.

जना तेव्हा नुकती बोलायला लागली होती. भात कापून झालं होतं, भारे खळ्यावर रचले होते. दिवेलागणीच्या आधी गाईला पेंढा आणायला मी खळ्यावर गेले, पोर कडेवर. पेंढा उपसते न उपसते तोच पाखरं एकदम गप झाली. वर बघितलं, तर इरशाळच्या डोंगराच्या अंगाला आभाळात एक उजेड. आधी वाटलं, चांदणी असंल. पण चांदणी काय चालत येते होय? हा सावकाश येत होता, भरल्या गाडीसारखा. आवाज नाय, धूर नाय. सुपाएवढा, सायीच्या रंगाचा. आमच्या खळ्यावर आला नि थांबला.

मग वास आला... ओव्याचा, बाळंतशेपांचा, निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तसा. बाळंतिणीच्या खोलीतला वास गं, नि तो उघड्या माळावर, वरून खाली येत होता. मी दोन पावलं मागं सरले. जना मात्र हसली. कुणी उचलून घ्यावं म्हणून पोरं करतात तसे दोन्ही हात तिनं वर केले.

लोधिवलीत सगळ्यांनी बघितला तो. शाळेचे मास्तर म्हणाले, वेधशाळेचा फुगा असेल, हवा बघायला सोडतात. भिवाजीनाना म्हणाले, वेताळाची पालखी. विहिरीवर बायका काय म्हणायच्या ते मी गेले की बंद व्हायचं. शेवटी सासूनंच, अंबूबाईनं, तोंडावर सांगितलं. भागी आलीय, म्हणाली, पोरीला न्यायला.

झालं. त्या दिवसापासून तिन्हीसांजंला दार बंद. उंबऱ्यात केरसुणी आडवी, चुलीत मिरच्या. दिवेलागणीला पोरीचं नाव घ्यायचं नाय. उजेड रोज यायचा, कौलांच्या फटींतून भिंतीवर उतरायचा, नि जना दाराशी जाऊन दार खरवडायची. तापानं अंग तव्यागत झालं. घास तोंडात धरीना. आमचे हे चौक गावच्या डॉक्टरकडून औषध आणून दमले. पोर दिवसादिवसानं वाळत चालली, मांडीवर घेतली की नुसती हाडं टोचायची. माझी कूस रिकामी होती मैना, नि पुढंही रिकामीच राहिली. ती गेली असती तर मी कुणाची कोण होते?

एका सांजंला मी जनाला उचललं नि कडी काढली. सासू आडवी आली. मी म्हटलं, "आत्याबाई, दार लावून ती थांबत नाय, नि आत कोंडून ही जगत नाय. मग भ्यायचं कुणासाठी?"

ती बाजूला झाली. रडतच झाली.

खळ्यावर पेंढ्याची गादी करून पोरीला बसवलं. उजेड आला. त्या दिवशी तो खाली उतरला, चिंचेच्या शेंड्याला टेकेल इतका खाली. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. मग म्हटलं, मरायचंच हाय तर बोलून मरू.

"भागीबाय... तुझीच हाय गं पोर. मी चोरली नाय. डोळे भरून बघ, रोज बघ... पण नेऊ नको. तिथं तिला भात कोण भरवील?"

किती तरी वेळ काहीच झालं नाय. वारा पडलेला, माझा पदर जागचा हलत नव्हता. नि मग जनाचे केस हलले. कपाळावरची झुलपं आधी एका बाजूनं मागं गेली, मग दुसऱ्या बाजूनं, भांग पाडावा तशी. पोर डोळे मिटून, मान जरा वर करून बसलेली. मी बघत राहिले. भीती होतीच, पण भागीची कीवही आली. बिचारीला किती दिवसांनी मिळालं असंल ते, असं वाटलं.

उजेड वर चढला नि इरशाळकडं गेला. जनानं माझा पदर ओढला नि म्हणाली, "भूक." मी तिथंच पेंढ्यात बसून ढसाढसा रडले.

त्यानंतर दर साली भात खळ्यावर आलं की तो एक-दोन सांजा यायचा. मी जनाला न्यायचे. न्हाऊ घालून, चांगलं परकर-पोलकं नेसवून. मोठी झाल्यावर ती कुरकुरायची, काय गं आई, डास चावतात, चल घरी. मी म्हणायचे, बस मुकाट. आपली पहिली आई होती हे तिला ठाऊक होतं, पण तो उजेड म्हणजे तीच, हे मी कधी बोलले नाय. आई म्हणून हाक मारायची ती मला. ती एवढी एक गोष्ट माझी होती.

मग शेलूला दिली. पयल्या साली दिवाळसणाला आली, म्हणून भागलं. ह्या साली तिला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तिला आणायचा दिवसही ठरला होता. त्याच्या आधीच उजेड आला. खळ्यावर थांबला. मग घरावर गेला, विहिरीवर गेला, परत खळ्यावर. वासरू दिसलं नाय की गाय कशी फिरते, तसा. गेलेल्या माणसाला वाट सांगू नये म्हणतात. पण मला बघवेना गं.

म्हटलं, "भागीबाय, जना हितं नाय. शेलूला दिलीय. माथेरानचा डोंगर ओलांड, नेरळच्या पुढं, रुळाच्या कडेला गाव हाय. दारात शेवगा हाय..."

तो एवढ्या लगबगीनं गेलेला मी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जनाचा दीर निरोप घेऊन आला. दिवस भरायच्या आधीच रात्री कळा सुरू झाल्या, पहाटं सुटली, मुलगा झाला. मी तशीच एसटीनं कर्जत, तिथून गाडीनं शेलू. जना खाटेवर, पांढरीफटक, पण हसत होती. म्हणाली, "रातभर उशाशी होतीस आई, आता तरी पड की जरा."

पिशवी अजून माझ्या हातात होती.

सुईण चंद्राबाईनं मला मागल्या दारी नेलं. पोर पायाळू होतं, म्हणाली, दोघांची आशा सोडली होती मी. जना सारखी आई आई करत होती, नि तिनं हाक मारली की पाठीमागून ओ यायची. मला वाटलं, तुमीच पोचलात. वळून बघायला सवड नव्हती... नि खरं सांगू, वळावंसं वाटलंही नाय.

मी आत जाऊन जनाचा हात धरला. म्हटलं, हो गं, होते की. दुसरं काय सांगणार? जिनं पोर वाचवली तिच्याशी काय भांडू?

आमच्या खळ्यावर उजेड परत आला नाय. परवा बाळाला टोपडं घेऊन शेलूला गेले होते. दिवे लागायची येळ. जावई कामावर, विहीण शेजारी गेलेली. जना नि बाळ, दोघंच घरात. बाळ रडत होतं. मी ओसरीवर पाय धूत होते, आल्याचं अजून तिला सांगितलंही नव्हतं.

आतून जनानं हाक मारली, "आई..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतनंच कुणीतरी ओ दिली. मऊ आवाजात. माझ्यासारख्या फटकळ बाईला तशी ओ देता यायची नाय.

"ह्याला घे गं जरा," जना म्हणाली. बाळ रडायचं थांबलं.

मी ओल्या पायांनी तिथंच उभी राहिले. आत गेले नाय.