चाफ्यापाशी वळलेली केबल

हर्षाली फुलबाजारातून परतली, तेव्हा तिच्या सोनचाफ्याच्या रोपाजवळ एक अनोळखी तरुण चुन्याची रेघ मारत उभा होता. रेघ थेट रोपाच्या मुळावर येत होती.

"रोप दिसतंय ना?" तिने विचारलं.

"दिसतंय की," तो म्हणाला. पाहत मात्र तिच्याकडे होता.

हा सिन्नरचा वायरमन, ओम. हर्षालीच्या वडिलांनी, खंडेरावांनी, फुलं बाजारात न्यायला बॅटरीवरचा टेम्पो घेतला होता. टेम्पो राहणार वावरापलीकडच्या गॅरेजात आणि वीज घरात, म्हणून जमिनीखालून केबल न्यायची होती. टेम्पो चालवणार हर्षाली, तेव्हा कामावर लक्षही तिनेच ठेवायचं ठरलं. ते तिने इतकं ठेवलं, की शेवंती खुडायची राहून गेली.

लक्ष ठेवण्यासारखं होतंच म्हणा. चराच्या कडा सुरीने वडी कापावी तशा. तळाला चाळलेली वाळू, तिच्यावर केबल, पुन्हा वाळू आणि वरून विटांची रांग. उद्या कुणाचं फावडं पडलंच तर आधी विटेवर पडेल, केबलीवर नाही, असं त्याने समजावलं. तिला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी तिने तीनदा विचारलं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. वायरमन घरातल्या प्रत्येक बाईला काहीतरी म्हणतोच. ओम तिच्या आईला काकू म्हणाला, शेजारच्या सुलाबाईंना मावशी म्हणाला. तिला मात्र ताई नाही की काही नाही... चहा हवा असला की नुसता खाकरायचा.

"घसा बसलाय का?" तिने एकदा विचारलंच.

"नाही... हाक शोधतोय."

ती कप ठेवून तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी चहात साखर दुप्पट होती.

काम संपत आलं. चर बुजला की त्याला इथे यायला कारण उरणार नव्हतं. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती. विटा तेवढ्या फार सावकाश बसू लागल्या.

शेवटच्या दिवशी खंडेराव काम पाहायला आले. सरळ आलेला चर चाफ्यापाशी कोयरीसारखा वळला होता आणि रोपाला लांबून वळसा घालून पुन्हा रेघेवर गेला होता.

"हे वळण कशाला?"

"खडक लागला, काका." ओमचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला.

खंडेरावांचा जन्म या वावरात नांगर धरण्यात गेला होता. इथे त्यांना सुपारीएवढा खडा कधी लागला नव्हता.

"खडक?"

ओम नीट बसलेली वीट पुन्हा बसवू लागला. मग हर्षाली पुढे झाली. वडिलांशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"होता, अण्णा. मी पाहिला..." ती मान खाली घालून म्हणाली, "चांगला मोठा होता."

खंडेरावांनी चराकडे पाहिलं, चाफ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ लेकीकडे. काम चोख झालंय, आता बुजवून टाका, म्हणाले. निघताना त्यांनी ओमच्या खांद्यावर हात ठेवला.

"रविवारी आईवडिलांना घेऊन ये. त्यांनाही खडक दाखवू."