उघाडीचा शब्द

डोलवीच्या अलीकडे, कंपनीची धुराडी दिसतात पण भोंगा नीट ऐकू येत नाही अशा अंतरावर, खाडीच्या बांधाला लागून केरूचं घर आहे. गाव बरंच मागे राहिलं. घरात केरू आणि त्याची बायको हौसा, पोरबाळ नाही. बांधाच्या पोटातून एक मोरी जाते, तिला लाकडी झडप. ही उघाडी. ओहोटीला झडप उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला ती बंद करून खाडी अडवायची. हे काम केरूचं, आधी त्याच्या बापाचं. गावातली तरणी माणसं कंपनीत शिफ्टला जातात. त्यांना कोण सांगणार चिखलात उतरायला!

उघाडी हाती घेणाऱ्यानं एक रीत पाळायची. ओंजळभर खाडीचं पाणी प्यायचं आणि बांधावर हात ठेवून म्हणायचं, ‘आत येशील ते माझ्या अंगावर ये.’ हौसाला हे म्हाताऱ्यांचं खूळ वाटे. खारं पाणी पिऊन कुणाचं भलं झालंय?

केरूचं पोट फुगलं तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं की दारू. त्या बिचाऱ्यानं जन्मात थेंब शिवला नव्हता. जुनी कावीळ लिव्हर आतून खात राहिली होती, असं पेणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी केरूच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या बांधात टाच रुतावी तसा. अंगात पाणी साठतंय, मीठ बंद, असं त्यांनी बजावलं. हौसानं सुकट, पापड, लोणचं सगळं वाटून टाकलं आणि आपणही अळणी जेवू लागली. एकट्यानं कसं गिळायचं त्या माणसानं?

पहिल्यांदा सुईनं पोटातलं पाणी काढलं तेव्हा केरू एसटीत डुलक्या घेत घरी आला. पाठोपाठ आलेल्या उधाणाला बांधाला खांड पडली नि खाडी शेतात शिरली. खेकड्यांनी पोखरलं असेल, हौसा म्हणाली. गावची माणसं आली, माती टाकून गेली, तरी तिथं पाझर राहिलाच. मग केरूचं पोट पुन्हा टम्म झालं आणि पाझर आपोआप थांबला.

दुसऱ्यांदा पाणी काढलं. पुन्हा खांड, त्याच जागी. या वेळी हौसानं स्वतः हात घालून पाहिलं. खेकड्याचं एकही बीळ नव्हतं.  हे सांगायला होतं तरी कोण?

भात पोटरीला आलं. सर्वपित्रीचं उधाण तोंडावर होतं. केरूला बसल्या जागी धाप लागू लागली, लघवी जवळजवळ आटली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. मूत्रपिंडं थकली आहेत, त्या म्हणाल्या. अंगातलं पाणी उतरवायच्या चालू गोळ्या थांबवायच्या, अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवायच्या, पोटातलं पाणी बेतानं काढायचं.

“लगेच दाखल करा, मावशी. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

केरू उठून सरळ घरी आला आणि बांधावर बसला.

“ह्ये पानी माझ्या पोटात हाय म्हनून शेतात नाय गो,” तो म्हणाला. “मी दवाखान्यात गेलो तं समद्या गावाचं भात खाऱ्यानं जळंल.”

हौसाचं डोकं फिरलं. ज्या गावानं दारुडा म्हणून हिणवलं त्याच्या भाताची काळजी! ती भांडली, रडली, गळ्याची शपथ घातली. केरू ढिम्म. हा गेला तर या बांधावर ‘हौसा’ म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

ती तरातरा उघाडीपाशी उतरली. आजवर एकही बाई या कामाला उतरली नव्हती. तिनं ओंजळ भरली, प्यायली, बांधावर हात ठेवून ते शब्द म्हणाली.

“आता उघाडी माझी. तुमचं हितं काय नाय. चला.”

केरू तिच्याकडे बघत राहिला. “काय केलंस गो ह्ये?” पण तो उठला.

दवाखान्यात पाणी काढलं, बाटल्या चढल्या आणि केरूला लघवी सुटली. डॉक्टरीणबाई रोज पोट चाचपून बघत. पोट पुन्हा भरत नव्हतं. इतक्या लवकर असं कुणाचं होत नाही, त्या म्हणाल्या, आणि कागद पुन्हा चाळत राहिल्या. हौसाला हसू आवरेना. फक्त तोंडातली ती खारट चव जात नव्हती. अळणी पेजसुद्धा खारट लागत होती.

उधाणाच्या दिवशी ती एकटीच घरी आली. उघाडी सांभाळायला हवी होती.

दुपारी खाडी बांधाच्या कडेला टेकली. जुन्या खांडीची माती कोरडी ठणठणीत होती. पलीकडे भात वाऱ्यावर डोलत होतं. कधी एकदा केरूला सांगते असं हौसाला झालं.

ती उंबऱ्यावर बसली. पाय जड झाले होते. स्टँडपासून चालत आले म्हणून, ती स्वतःशी म्हणाली.

जोडवी फिरवायला गेली. फिरेनात.

तिनं लुगडं जरा वर केलं, नडगीवर अंगठा दाबून धरला.

मग उचलला.

खळगा तसाच राहिला. भरती अजून चढत होती.